४० की ९५? ‘मॅलेफिसंट’च्या दुसऱ्या भागावरची परीक्षणं वाचायची कशी

प्रश्न असा आला आहे: ‘मॅलेफिसंट: मिस्ट्रेस ऑफ इव्हिल’ या डिस्नेच्या २०१९ च्या सिनेमाला (निद्रिस्त सुंदरीला शाप देणाऱ्या परीच्या गोष्टीचा हा दुसरा भाग) रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांकडून जेमतेम ४० टक्के आहेत आणि प्रेक्षकांकडून ९५ च्या आसपास. एकाच सिनेमाबद्दल एवढी तफावत कशी? समीक्षकांना नाकं मुरडायची सवय असते म्हणून, की प्रेक्षक कशालाही टाळ्या पिटतात म्हणून? आणि आठ वर्षांच्या मुलीला तो दाखवावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. दाखवा, पण शेवटचा अर्धा तास तिच्या शेजारी बसा. का, ते पुढे येईल. मी गेली बावीस वर्षं सिनेमांची परीक्षणं लिहिते आहे आणि या सिनेमाला मी पाचपैकी अडीच तारे दिले होते. म्हणजे तुमच्या हिशेबात मी नाकं मुरडणाऱ्यांत मोडते. तेव्हा माझं म्हणणं त्या बेताने घ्या. आणि हो, पुढे कथानक पूर्ण उघडं पडणार आहे, शेवटासकट.

आधी त्या टक्क्यांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ते ४० म्हणजे प्रगतिपुस्तकातले गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांचं मत एकंदरीत बरं पडलं, एवढंच तो आकडा सांगतो. कुणी ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’ म्हणो की कुणी डोक्यावर घेऊन नाचो, दोघांचं मत एकच धरलं जातं. आता असं समजा की एका सिनेमाला साठ जणांनी दहापैकी सहा दिले आणि चाळिसांनी पाच. त्याला ६० टक्के मिळतात, ‘ताजा’ या अर्थाचा लाल टोमॅटो मिळतो, सरासरी मात्र निघते ५.६. दुसऱ्या सिनेमाला चाळीस जणांनी नऊ दिले आणि साठ जणांनी पाच. त्याला ४० टक्के, वर हिरवा डाग, आणि सरासरी ६.६. सरासरीने सरस असलेला सिनेमा यादीत ‘सडका’ ठरतो. ‘मॅलेफिसंट’च्या बाबतीत असं काही नाट्य घडलं नाही. मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देऊन गुणांची सरासरी काढतं, तिथेही तो शंभरात ४३ वर होता. म्हणजे कुणी फार चिडलं नव्हतं आणि कुणी फार भारावलंही नव्हतं. बहुतेकांनी मान डावीकडून उजवीकडे हळूच हलवली, इतकंच. अडीच ताऱ्यांच्या परीक्षणाच्या नशिबी बहुधा हिरवा डागच येतो, आणि आठशे शब्दांत मी मिशेल फायफरबद्दल जे काही चांगलं लिहिलं होतं ते त्या डागाखाली गडप होतं. (ताऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. मी ते काढून टाकायला सांगते, संपादक म्हणतात वाचक आधी तेच बघतात. दोघांचंही खरं आहे.)

प्रेक्षकांच्या ९५ ची गंमत वेगळी आहे. २०१९ च्या मे महिन्यापासून रॉटन टोमॅटोजने तिकीट खरंच काढलं आहे का हे तपासून प्रेक्षकांची मतं वेगळी धरायला सुरुवात केली. त्याआधी सिनेमा न बघताच शिव्या द्यायला येणाऱ्या टोळ्या असायच्या, त्यांना चाप बसला. चांगलंच झालं. पण त्यामुळे हा आकडा आता फक्त पैसे मोजून, वेळ काढून, मुद्दाम गेलेल्यांचा झाला. सिनेमास्कोअरचंही तेच. अमेरिका-कॅनडातल्या थिएटरांत पहिल्याच दिवशी आलेल्या लोकांना छोटं कार्ड देऊन श्रेणी विचारतात. या सिनेमाला ‘ए’ मिळाली. पण पहिल्या दिवशी पोरांना घेऊन ‘मॅलेफिसंट’ला कोण जातं? ज्याला पहिला भाग आवडला होता तो. शिंगं घातलेली अँजेलिना जोली पडद्यावर दिसावी हीच ज्याची इच्छा, त्याला शिंगं घातलेली अँजेलिना जोली दिसली. ‘ए’ मिळाली यात नवल ते काय! २०१४ च्या पहिल्या भागालाही ‘ए’च होती.

आता जे आले नाहीत त्यांचं मत कुठे दिसतं? गल्ल्यावर. पहिल्या भागाने अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत जवळपास ७ कोटी डॉलर कमावले होते, दुसऱ्याने ३ कोटी ७० लाखांच्या आत. तिथली एकूण कमाई सुमारे २४ कोटींवरून साडेअकरा कोटींच्या आत आली. जगभरात पहिला सुमारे ७५ कोटी ८० लाखांवर थांबला होता, दुसरा सुमारे ४९ कोटींवर, आणि बनवायला लागले होते १८ कोटी ५० लाख, जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे आलेल्यांना आवडला, पण आले कमी. तुम्हाला जी भांडणं ‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ अशी वाटतात, ती पुष्कळदा ‘आलेले प्रेक्षक विरुद्ध न आलेले प्रेक्षक’ अशी असतात, आणि समीक्षक मध्येच उभा असतो. त्याला तर जावंच लागतं. आवड असो वा नसो, सकाळी नऊला अंधारात वही मांडीवर घेऊन.

हे झालं आकड्यांचं. यापुढचं मात्र परीक्षणं मोजून कळत नाही, वाचावीच लागतात. वाचली की लक्षात येतं की चांगलं म्हणणारे आणि वाईट म्हणणारे बहुतेक एकाच सिनेमाचं वर्णन करताहेत. त्यातल्या कशाला किती महत्त्व द्यायचं, यावर त्यांचं फाटतं.

सगळ्यांना आवडलेला प्रसंग पहिल्या पाऊण तासातच येतो: जेवणाचा. ऑरोराला, म्हणजे निद्रिस्त सुंदरीला, राजपुत्र फिलिपने मागणी घातली आहे आणि मॅलेफिसंटला, म्हणजे जिने तिला शाप दिला आणि पुढे जिने तिला वाढवलं तिला, फिलिपच्या घरी, उल्स्टेडच्या राजवाड्यात, जेवायचं आमंत्रण आहे. निघण्यापूर्वी ती हसायची तालीम करते. डियाव्हल, तिचा कावळ्याचा माणूस झालेला सोबती, समोर उभा राहून शिकवतो आहे आणि ती ओठ ताणून दात दाखवते आहे. जोलीच्या चेहऱ्यावर कृत्रिम गालफडं चिकटवलेली असूनही ते हसू इतकं अवघडलेलं आहे की थिएटरात खसखस पिकते. मग ऑरोरा तिला चाचरत विचारते की डोक्याला कापड गुंडाळशील का, म्हणजे शिंगं झाकली जातील. या बाईने अख्ख्या राज्याची झोप उडवलेली आहे, आणि तिला आज मुलीच्या सासरी शिंगं झाकून जायचं आहे! ती एक क्षण काही बोलत नाही आणि मग कापड गुंडाळते.

टेबलावर समोर राणी इन्ग्रिथ, फिलिपची आई. मिशेल फायफर तिथे आवाज अजिबात चढवत नाही. मोत्यांनी मढलेली, मान ताठ, प्रत्येक वाक्य मधात बुडवून फेकलेलं. या दोघी विहिणी आहेत, दुसरा शब्दच नाही. एकीने मुलगी वाढवली, दुसरी ती घ्यायला बसली आहे, आणि मधल्या माणसांना काय चाललंय ते कळूनही तोंड उघडता येत नाही. इन्ग्रिथ एकेक टोमणा मारत जाते आणि शेवटी सगळ्यांदेखत म्हणते की आजपासून ऑरोराला मी माझीच मुलगी मानते. तिथे ठिणगी पडते. मॅलेफिसंट पेटून उठते, तेवढ्यात इन्ग्रिथचा नवरा, राजा जॉन, शापित झोपेत कोसळतो, आळ तिच्यावर येतो, आणि ती खिडकी फोडून पळते ती लोखंडाची गोळी लागून समुद्रात.

इथवर सिनेमा पकडून ठेवतो हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं. मीही. प्रॉब्लेम त्या समुद्राच्या पलीकडे सुरू होतो.

मॅलेफिसंटला कॉनल नावाचा पंखवाला वाचवतो (चिवेटेल एजिओफोर, इतका चांगला नट, इतकं कमी काम) आणि आपल्याला कळतं की तिच्यासारखे शिंगं-पंखांचे शेकडो जण एका प्रचंड गुहेत लपून राहताहेत. त्यांच्यात एक गट मवाळ, एक जहाल. जहालांचा पुढारी बोरा, म्हणजे एड स्क्राइन, माणसांशी युद्ध मागतो. तिकडे राणीने किल्ल्याखाली प्रयोगशाळाच उघडली आहे, पऱ्यांना मारणारी लाल भुकटी तयार होते आहे. युद्ध येणार हे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्ट कळतं की नंतर फक्त त्याची वाट बघत बसावं लागतं. आणि या सगळ्यात ज्या बाईच्या नावाचा सिनेमा, ती जखमी होऊन गुहेत दुसऱ्यांची लांबलचक भाषणं ऐकते. मुख्य पात्र स्वतःच्याच गोष्टीत पाहुणी होते. जोली शोधायला गेलो आणि जोलीच सापडेना, अशा अर्थाची तक्रार अनेकांनी केली, आणि ती मला तंतोतंत पटते. पहिला भाग ९७ मिनिटांचा होता, हा ११९ चा. वाढलेली मिनिटं तिच्या वाट्याला आलेली नाहीत.

अजून एक गोष्ट, जी परीक्षणांत एखाद्या ओळीत येऊन जाते पण मला मोठी वाटते. पहिल्या भागाने एक स्वच्छ काम केलं होतं: तिचे पंख कापले गेले म्हणून ती दुष्ट झाली, आणि शाप मोडणारं खरं प्रेमाचं चुंबन राजपुत्राचं नव्हतं, तिचं होतं. खलनायिका आई झाली. दुसरा भाग उघडतो तोच निवेदनातून असं सांगत, की लोक ते सगळं विसरले आणि ती परत दुष्टच मानली जाऊ लागली. पाटी पुसली! पहिल्या सिनेमाने जे मिळवलं ते दोन वाक्यांत परत घेतलं, म्हणजे पुन्हा मिळवता येईल. उत्तरार्ध, म्हणजे गाजलेल्या गोष्टीचा पुढचा भाग, लिहिणाऱ्यांची ही जुनी पळवाट आहे. नावातलं ‘मिस्ट्रेस ऑफ इव्हिल’ तर उघड उघड दिशाभूल आहे. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्युटी’मध्ये मॅलेफिसंट स्वतःला सगळ्या दुष्टतेची स्वामिनी म्हणवते, तिथून ते उचललं. या सिनेमात दुष्टतेची स्वामिनी कुणी असेल तर ती विहीणबाई.

‘या उत्तरार्धाची गरजच काय होती?’ हे वाक्य त्या आठवड्यात मी किती परीक्षणांत वाचलं असेन! परीकथेच्या उत्तरार्धाबद्दल ते तयारच असतं, कारण परीकथा म्हणजे सुफळ संपूर्ण झालेली गोष्ट. लग्न लागलं, राजाराणी सुखाने नांदू लागले, उठा आता. त्यानंतर काहीही दाखवायचं तर आधी ते सुख मोडावं लागतं. इथे मात्र माझ्या समव्यवसायी मंडळींचं थोडं चुकलं असं मला वाटतं, आणि तेव्हा मीही त्यांच्यातच होते.

कारण निद्रिस्त सुंदरीच्या गोष्टीला उत्तरार्ध आहे. तीनशे वर्षांहून जुना. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा ती राजकन्या जागी झाल्यावर थांबत नव्हती. राजपुत्र लग्न लपवून ठेवतो, कारण त्याची आई माणसं खाणाऱ्या राक्षसांच्या कुळातली असते. दोन मुलं होतात, मुलगी ओरोर आणि मुलगा जूर, म्हणजे पहाट आणि दिवस. बाप वारतो, हा राजा होतो, बायकामुलांना घरी आणतो आणि राज्य आईच्या हाती सोपवून युद्धावर जातो. सासूबाई कारभाऱ्याला सांगतात, उद्याच्या जेवणाला मला ती चार वर्षांची ओरोर हवी, आणि सॉस रोबेर या कांदा-मोहरीच्या फ्रेंच रश्शाबरोबर हवी. कारभाऱ्याच्याने सुरी चालवत नाही. तो कोकरू शिजवतो. मग मुलाची मागणी येते, तो करडू शिजवतो. मग सुनेची, तर तो हरिणी मारून वाढतो. शेवटी राक्षसीला सगळं कळतं, ती सापबेडकांनी भरलेला हौद तयार करवते आणि राजा अवचित परतल्यावर स्वतःच त्यात उडी घेते. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ही गोष्ट घेतली तेव्हा हा भाग नाही, गोष्ट लग्नापाशी संपते. आपल्या डोक्यात जी आवृत्ती बसली आहे ती तिथून पुढे आलेली. ऑरोरा हे नाव आईला मिळालं ते पुढे, १८९० च्या चायकोव्हस्कीच्या बॅलेत, आणि डिस्नेने संगीतासकट तिथून घेतलं.

म्हणजे मुलाच्या लग्नानंतर उलटलेली दुष्ट सासू, जेवणाचं टेबल, मुलीवरचा हक्क, हे सगळं गोष्टीच्या पोटातच होतं. सिनेमा लिहिणाऱ्यांनी पेरो समोर ठेवून इन्ग्रिथ लिहिली असा माझा दावा नाही. पण ती जिथे जिथे जिवंत वाटते तिथे तिथे ती त्या जुन्या राक्षसीची नात आहे. (शेवटी तिला शिक्षा काय, तर मॅलेफिसंट तिची शेळी करते. पेरोच्या करडाची आठवण झाली आणि मी एकटीच हसले.)

आता पेरोने काय केलं ते परत बघा. राजा युद्धावर गेला, हे त्याने जाता जाता सांगून टाकलं. युद्ध पडद्याआड. गोष्ट मुदपाकखान्यात ठेवली, जिथे हातात सुरी घेतलेला एक माणूस चार वर्षांच्या मुलीसमोर उभा आहे. डिस्नेने नेमकं उलटं केलं. जेवणाचं टेबल आटोपलं आणि उरलेला सिनेमा युद्धाला दिला. परीकथेत भीती जवळची असते: घरातली, ताटातली, आईच्या आवाजातली. हजार पंखवाले किल्ल्यावर झेपावतात तेव्हा ती भीती आकाशभर पसरते आणि पातळ होते. उत्तरार्धाची गरज काय होती असं विचारण्यापेक्षा, हातातला उत्तरार्ध सोडून दुसरीकडे कशाला गेलात, असं विचारायला हवं होतं.

माझा हा तर्क नुसता पुस्तकी नाही, त्याला एक उत्तम साक्षीदार आहे. २००४ चा ‘श्रेक २’. तोही बड्या बजेटचा, १५ कोटी डॉलरचा, तोही परीकथेचा उत्तरार्ध, आणि त्याची कल्पना एका ओळीची: लग्न झालं, आता जावईबापू सासुरवाडीला जेवायला चालले. तिथेही जेवणाचं टेबल आहे आणि त्यावर सासरा-जावई एकमेकांशी अशा चढत्या आवाजात बोलतात की शेवटी जेवणातलं काहीच ताटात राहत नाही. फरक हा की तो सिनेमा त्या टेबलावरून उठतच नाही. पुढची सगळी गडबड, ती जादूगार परीमाई, तो काढा, ते सगळं ‘ह्यांना मी पसंत पडेन का’ या एकाच धाग्याला बांधलेलं राहतं. समीक्षकांनी तो उचलून धरला, कान महोत्सवाच्या स्पर्धेत त्याला जागा मिळाली, आणि जगभरात ९० कोटी डॉलरच्या वर गेला. तेव्हा परीकथेचा उत्तरार्ध म्हटलं की समीक्षक आधीच धार लावून बसतात, असं मानू नका.

उलट बाजूची उदाहरणं २०१६ ने पाच आठवड्यांत दोन दिली. एप्रिलमध्ये ‘द हंट्समन: विंटर्स वॉर’ आणि मे महिन्यात ‘ॲलिस थ्रू द लुकिंग ग्लास’. पहिल्यात हिमगौरीच्या गोष्टीतून हिमगौरीलाच वगळलं होतं. क्रिस्टन स्टुअर्ट नाही, म्हणून तो अर्धा आधीची गोष्ट आणि अर्धा नंतरची असा बेतला. शार्लीझ थेरॉन आणि एमिली ब्लंट यांचे पोशाख बघत राहावे असे, बाकी विशीतले टक्के. २०१२ च्या मूळ सिनेमाने ३९ कोटींच्या वर कमावले होते, हा साडेसोळांच्या आसपास आटोपला. ‘ॲलिस’चं तर बोलायलाच नको. २०१० च्या पहिल्या भागाने १०० कोटी डॉलर ओलांडले होते, दुसरा ३० कोटींच्या आत, टक्के तिशीच्या आत. आणि गंमत म्हणजे सिनेमास्कोअर ‘ए-’! आलेल्यांना तोही आवडला होता. त्या तुलनेत ‘मॅलेफिसंट’ बराच बरा निभावला, हे मात्र ४० च्या आकड्यात दिसत नाही.

दृश्यांबद्दलची तक्रार तुम्ही परीक्षणांत वाचली असेल: सगळं चकचकीत आहे पण खोटं वाटतं. ही तक्रार आळसातून केली जाते असं वाचकांना वाटतं, म्हणून थोडं सांगते. परीकथेच्या सिनेमात सगळंच संगणकावर बनवलेलं असेल तर नजरेला टेकायला काही राहत नाही. फुलपाखरू खोटं, झाड खोटं, झाडामागचा डोंगर खोटा, मग त्यावर पडलेलं ऊनही खोटंच वाटतं. एक खरी वस्तू मध्ये असली की बाकीचं खपून जातं. या सिनेमात ती खरी वस्तू म्हणजे माणसांचे चेहरे आणि अंगावरचे कपडे. जोलीची गालफडं, शिंगं, ती रंगभूषा हाताने केलेली आहे, आणि ऑस्करचं एकमेव नामांकन मिळालं ते रंगभूषा-केशभूषेलाच. पहिल्या भागाला मिळालं होतं वेशभूषेसाठी. दोन्ही वेळा अकादमीला जे दिसलं ते हाताने शिवलेलं, चिकटवलेलं. पहिल्याचा दिग्दर्शक रॉबर्ट स्ट्रॉमबर्ग मुळात कलादिग्दर्शक, दोन ऑस्कर त्याच कामासाठी मिळालेला. दुसऱ्याचा योआकिम रॉनिंग आला तो समुद्री चाच्यांच्या मालिकेतला एक भाग करून. मोठा फौजफाटा हाकण्याचा सराव त्याला होता, आणि तो सराव दिसतो. जिथे फौजफाटा नाही तिथे तो अधिक चांगला दिग्दर्शक आहे, हे त्या हसण्याच्या तालमीत कळतं.

आता तुमच्या मुलीचं. मी हा सिनेमा दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा साधारण तेवढ्याच वयाच्या भाचीबरोबर. गुहेतली भाषणं चालू असताना तिने दोनदा पाणी मागितलं, एकदा बाहेर जायचं म्हणाली. बाहेर आल्यावर कसा वाटला विचारलं तर ‘एकदम मस्त’. सिनेमास्कोअरवाल्यांनी तिला कार्ड दिलं असतं तर तिने ‘ए’वरच खूण केली असती. पुढचे आठ दिवस ती आरशासमोर उभी राहून ओठ ताणून हसायची तालीम करत होती. गुहा, बोरा, लाल भुकटी, यातलं काही तिच्या खेळात आलं नाही. माझ्या अडीच ताऱ्यांत आणि तिच्या ‘एकदम मस्त’मध्ये जो सिनेमा होता तो एकच होता. मी कंटाळवाणी चाळीस मिनिटं हिशेबात धरली, तिने ती पाण्याच्या बाटलीबरोबर घालवली.

फक्त एका ठिकाणी ती गप्प झाली. लग्नाला म्हणून पऱ्यांना आणि वनातल्या सगळ्या जिवांना बोलावतात, प्रार्थनामंदिरात बसवतात आणि दारं बाहेरून बंद करतात. राणीची गर्डा नावाची सेविका ऑर्गन वाजवायला बसते. ती एकेक स्वर दाबते तशी नळ्यांतून लाल भुकटी उडते आणि जिच्यावर पडते तो जीव जागच्या जागी निर्जीव फूल होऊन जातो. मोठ्या माणसाला यात काय दिसतं ते सांगायला नको. कोंडलेली माणसं, बंद दारं, हवेतून येणारं मरण. कित्येक समीक्षकांनी नेमक्या याच प्रसंगावर भुवया उंचावल्या, की बोलणाऱ्या साळिंदरांच्या सिनेमात हा वंशसंहार कसा पेलायचा. अमेरिकेत त्याला पीजी मिळालं, म्हणजे पालकांनी बघून ठरवावं. मला तो प्रसंग वाईट वाटत नाही. उलट शेवटच्या तासात मनाला लागलेला तेवढा एकच आहे, कारण तो पुन्हा बंद खोलीतला आहे. पण तो लांबतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला ‘मरतात’ आणि ‘फूल होतात’ यातला फरक लगेच कळतो.

मॅलेफिसंटची काळजी करू नका. ती बाण लागून राख होते आणि ऑरोराच्या अश्रूंनी फिनिक्स होऊन परत उठते. मुलं त्याला सरावलेली असतात. कॉनल जातो, त्याचंही फारसं वाटत नाही, त्याला ओळखायला वेळच मिळालेला नसतो. ज्या तीन छोट्या पऱ्यांनी पहिल्या भागात ऑरोराला सांभाळलं, त्यांतली निळी, फ्लिटल, ऑर्गनच्या नळीत स्वतःला कोंबते म्हणून भुकटी थांबते आणि बाकीचे वाचतात. ती फूल होते. शेवटी लग्न लागतं, सगळे नाचतात, आणि माझी भाची दिवे लागेपर्यंत विचारत होती की निळी कधी परत येणार. ती येत नाही. काय सांगायचं ते घरातूनच ठरवून निघा.